झडती बंद असताना

त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही. सगळे थांबाराव म्हणतात. कुणाचाही कोड तपासायला घेतला की त्यांची पहिली कॉमेंट ठरलेली असते. 'थांबा.' पुढे पूर्णविराम. का थांबायचं ते त्यानंतर.

साहित्यात एम. ए. झालेली मुलगी कंपायलर बनवणाऱ्या कंपनीत काय करते, हे माझ्या आईलाही कळलेलं नाही. मी मदतपुस्तिका लिहिते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलून देतो तो कंपायलर. एवढं आता मला न अडखळता सांगता येतं.

माझ्या पहिल्याच पानावर थांबारावांची कॉमेंट आली. 'थांबा. "सहसा" म्हणजे कधी नाही?' मी लिहिलं होतं, ही सूचना सहसा पडद्यावर दिसते. मी भांडायला त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ती सूचना कधी दिसत नाही ते सांगायला लागले. सांगता सांगता जेवणाची सुट्टी संपली. माझ्या एकाही प्राध्यापकाने माझं वाक्य इतक्या संशयाने वाचलं नव्हतं. मी थक्क झाले. चिडलेही. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

वय पन्नाशीकडे झुकलेलं. एक चष्मा नाकावर, दुसरा गळ्यात. कोड वाचताना ओठ हलतात. ओळीखाली बोट ठेवून वाचायची सवय आहे, त्यामुळे त्यांचा स्क्रीन कायम बोटांच्या ठशांनी बरबटलेला. झाडलोट करणारी बाई तो पुसते आणि त्यांच्याकडे बघून मान हलवते.

ही गोष्ट आहे त्यांनी एका बदलाला दिलेल्या नकाराची.

आमच्या कंपायलरमध्ये एक पायरी आहे. तिला टीममध्ये झडती म्हणतात. प्रोग्राममध्ये माहिती ठेवायच्या जागा असतात, त्यांना डबे म्हणू. डब्यात काही ठेवायच्या आधीच कुणी त्यात हात घातला तर जुनं, आधीचं काहीतरी हाती लागतं. म्हणून प्रत्येक डब्यावर एक पहारा असतो. डब्यात अजून काही ठेवलेलं नसताना कुणी हात घातला की हा पहारा प्रोग्राम तिथेच थांबवतो. पण पहाऱ्यांमुळे वेग कमी होतो. मग झडती सगळा प्रोग्राम आधी वाचून काढते आणि कोणते डबे संशयास्पद आहेत त्यांची यादी करते. पुढची पायरी सफाई. यादीत नाव नसलेल्या डब्यांवरचा पहारा ती काढून टाकते.

झडतीला फार वेळ लागतो, ही ग्राहकांची जुनी तक्रार. एका मोठ्या ग्राहकाने शेवटी सांगितलं, ती बंद करायची सोय द्या, नाहीतर आम्ही दुसरा कंपायलर बघतो. बॉसने काम रॉकेटकडे दिलं. रॉकेट म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण इंजिनिअर. चालतो भरभर, बोलतो भरभर, कोड त्याहून भरभर लिहितो. मनाने चांगला. त्याने एक स्विच बनवला. चालू ठेवा, नाहीतर बंद करा. आणि सगळा बदल थांबारावांकडे तपासायला पाठवला, कारण कंपायलरच्या त्या भागात त्यांच्या होकाराशिवाय काहीही जात नव्हतं. त्यांच्या पडद्यावर होकाराचं हिरवं बटण होतं. ते त्यांनी दाबलं की बदल आत. नाही दाबलं की बाहेर.

त्यांनी नाही दाबलं.

"बंद असताना काय?" ते मला म्हणाले. "सगळे झडती चालू असताना काय होतं तेच सांगताहेत. ते मला माहीत आहे. बंद असताना काय?"

मीटिंगमध्ये मी नोंदी घ्यायला बसले होते. बॉस टेबलाच्या टोकाला. मोबाईल पालथा ठेवलेला, म्हणजे तिला घाई होती.

"टेस्ट हिरव्या आहेत," रॉकेट म्हणाला. हिरव्या म्हणजे पास, लाल म्हणजे नापास.

"झडती चालू ठेवून."

"बंद ठेवूनही हिरव्या आहेत."

"बंद ठेवून ज्या लाल झाल्या, त्या तू वगळल्यास."

"त्या झडतीच्याच टेस्ट होत्या, थांबाराव. झडतीच बंद, तर तिची परीक्षा कशाला घ्यायची?"

हे मलासुद्धा पटलं. टेबलाभोवती सगळ्यांनाच पटलं. थांबारावांनी चष्मा बदलला.

"झडती बंद असली तरी सफाई चालूच आहे. ती यादी मागते. तिला रिकामी यादी मिळते. मग?"

"मग काही नाही. यादी रिकामी."

"तेच म्हणतोय मी!"

"मीही तेच म्हणतोय!"

बॉस हसली. "दोघं तेच म्हणताय, तर भांडताय कशाला? हे बघा, ग्राहकाला चहा होईपर्यंत कंपाईल व्हायला हवंय. आत्ता मधे त्यांचं जेवण उरकतं. गुरुवारी आवृत्ती बाहेर जातेय."

"रिकाम्या डब्यात हात घातला तर—"

"असा कोड लिहितं कोण?"

"लोक लिहितात, मॅडम. म्हणून तर झडती आहे."

बॉसने मोबाईल उचलला. मीटिंग संपली. माझ्या नोंदींमध्ये 'चर्चा झाली' एवढंच आलं. मी त्यांच्या बाजूची असूनही त्यांचं म्हणणं मला लिहिता आलं नव्हतं.

संध्याकाळी मी तो बदल उघडून बघितला. कोड मला कळत नाही, पण कॉमेंट कळतात. थांबारावांच्या कॉमेंटची तिथे रांग लागली होती. थांबा. हे नाव फार लांब आहे. थांबा. इथे मोकळी ओळ नको. थांबा. या टिपणीतलं 'ते' म्हणजे कोण? थांबा. ही मोकळी ओळ पुन्हा आली. प्रत्येकीखाली रॉकेटचं उत्तर: 'झालं.' 'झालं.' 'झालं.' आणि कुठेतरी मधेच, दोन मोकळ्या ओळींच्या मधोमध: 'झडती बंद असताना ही यादी रिकामी येते. सफाई तिचा काय अर्थ लावेल?' त्याखाली रॉकेटने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं होतं आणि लिहिलं होतं, 'बघतो.'

मी त्यांच्याकडे गेले. "थांबाराव, तुमचं मुख्य वाक्य गर्दीत हरवलंय."

"सगळीच वाक्यं मुख्य आहेत."

"नाहीत."

"मोकळी ओळ चुकीचीच होती."

"असू दे ना चुकीची!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आईवरून शिवी दिली होती. "तू भाषेची मुलगी. तुला स्वल्पविराम चुकलेला चालतो?"

"घर पेटलेलं असताना चालतो."

त्यांना ते लागलं. पण कॉमेंट तशाच राहिल्या. वर आणखी एक वाढली.

मला फार वैताग आला. बॉसचा, रॉकेटचा आणि सगळ्यात जास्त त्यांचा. इतका हुशार माणूस आणि आपलं खरं दुखणं सांगायची वेळ आली की शेजारचं खरचटलेलं दाखवत बसतो. गेल्या वर्षी त्यांनी कोडमधल्या एका फंक्शनच्या नावावरून अख्खा बदल अडवून धरला होता. नाव शेवटी बदललं. पण तेव्हापासून लोकांनी त्यांचं 'थांबा' ऐकणं सोडलं होतं. बसमधल्या स्पीकरवरच्या आवाजासारखं झालं होतं ते. सतत चालू, कुणाचं लक्ष नाही.

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली जुन्या कंपायलरची माहितीपत्रकं घडी करून सरकवलेली होती. काकू रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतात. नमुने येतात, त्यांवर चिठ्ठ्या लावतात, रिपोर्ट तयार करतात. मुलगी शाळेत. दातांना तारा आणि जीभ बापापेक्षा धारदार.

ताटं वाढून होईपर्यंत थांबाराव झडतीवर आले.

"अहो, जेवताना तरी ते झडतीपुराण पुरे," काकू म्हणाल्या.

"बाबांनी आईच्या भाजीच्या यादीवरसुद्धा कॉमेंट टाकली होती," मुलगी मला म्हणाली. "पेनने."

"अर्धा किलो एवढंच लिहिलं होतं. अर्धा किलो काय?"

"खाली कांदे लिहिलं होतं, अहो. कागद उलटायचा असतो."

आम्ही हसलो. थांबाराव हसले नाहीत. त्यांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. "गुरुवारी ते जाणार. मला होकार द्यायला लावतील आणि माझ्या नावाने जाणार. आणि कुणाचा तरी प्रोग्राम खोटा आकडा दाखवेल आणि कुणाला कळणारही नाही."

तेव्हा काकू गंभीर झाल्या. माझ्याकडे वळल्या. "तूच सांग गं. यांचं ऐकून मला आजवर काही कळलेलं नाही. नक्की बिनसलंय काय?"

मी सांगितलं. डबे, पहारा, झडती, यादी, सफाई. मला जमेल तसं. काकू ऐकत होत्या आणि मुलीच्या ताटात वाढत होत्या.

"म्हणजे नमुना तपासलाच नाही," त्या म्हणाल्या. "रिपोर्टवरचा रकाना रिकामा. आणि डॉक्टरांनी रिकामा रकाना बघून समजायचं, दोष काही नाही. असंच ना?"

थांबारावांचा हात थांबला.

"आमच्याकडे असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील," काकू पुढे म्हणाल्या. "तपासलं नसेल तर 'तपासलं नाही' असं लिहायचंच असतं. रकाना कोरा सोडायची सोयच नाही. कोऱ्या रकान्याचा लोक आपल्याला हवा तो अर्थ काढतात."

मी काकूंकडे बघत राहिले. इतक्या दिवसांची मीटिंग, कॉमेंट, माझ्या नोंदी, सगळं त्या बाईने वाढता वाढता उरकलं होतं.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" थांबाराव म्हणाले. आवाज चिडका होता.

"तुम्ही आधी कधी विचारलंत? या घरात महिनाभर रॉकेट आणि मोकळ्या ओळी एवढंच ऐकतोय आम्ही."

"आईला अप्रूव्ह करा, बाबा," मुलगी म्हणाली.

सोमवारी ते माझ्या आधी ऑफिसात आले होते. मी पोचले तेव्हा ते स्वतःच्या कॉमेंट पुसत होते. सगळ्या एकदम पुसायची सोय त्या सिस्टीममध्ये नाही. एकेक उघडायची, पुसायची, 'नक्की पुसायची का?' ला हो म्हणायचं. चेहरा दात उपटून घेतल्यासारखा. मी शेजारी उभी राहिले.

एका ठिकाणी ते थबकले. "ही मोकळी ओळ मात्र खरंच—"

"थांबाराव."

"काढतो. काढतो."

सगळ्या गेल्या. मग त्यांनी एकच लिहिली. त्यात 'थांबा' नव्हतं. 'तपासलं नाही आणि दोष नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कोडमध्ये दोन्हींना एकच उत्तर आहे, रिकामी यादी. त्यामुळे झडती बंद असताना सफाई सगळेच पहारे काढते. खालचा प्रोग्राम चालवून बघा.' खाली चार-पाच ओळींचा प्रोग्राम. मी वाचला आणि मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

त्यांनी कॉमेंट पाठवली. पडदा ताजा झाला. वर जांभळी पट्टी आली: हा बदल आत घेतला गेला आहे.

आम्हाला आधी कळलंच नाही. मग मेल दिसला. सकाळीच आलेला. कामाला गती यावी म्हणून त्या विभागात आजपासून तपासणाऱ्यांपैकी कुणाही दोघांचा होकार पुरेल. तपासणाऱ्यांची नवी यादी खाली दिली होती. तीत थांबारावांचं नाव नव्हतं. त्यांच्या पडद्यावरचं हिरवं बटण गेलं होतं. होकार दोघांनी दिला होता. एक बॉस स्वतः आणि दुसरा हेडफोन. हेडफोन म्हणजे थांबारावांच्या शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर. तो दिवसभर कानात गाणी घालून बसतो आणि समोर आलेल्या प्रत्येक बदलाला होकार देतो. टीममध्ये तो सगळ्यांचा लाडका आहे.

बॉस स्वतः आली. तेवढी सभ्यता तिच्यात आहे. "रागावू नका. तुमच्याबद्दल आदर आहेच."

"आदर राहू दे. हा प्रोग्राम चालवून बघा."

"गेल्या वर्षी त्या फंक्शनच्या नावाच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात. 'हे गेलं तर अनर्थ होईल.'"

ते खरंच तसं म्हणाले होते. मला आठवत होतं. त्यांनाही.

ती गेल्यावर ते काचेबाहेर बघत बसले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि रखवालदार हातांनी इशारे करत होता. मी गरम पाणी आणून ठेवलं. ते तसंच गार झालं.

दुपारी रॉकेट आला. तरातरा आला आणि टेबलापाशी उभा राहिला.

"थांबाराव, तुमच्या कॉमेंट कुठे गेल्या?"

"पुसल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि एकच ठेवलीत?"

"एकच."

रॉकेटचा चेहरा उतरला. "तुम्ही एकच कॉमेंट ठेवलीत म्हणजे काहीतरी भयंकर असणार."

"आत गेलंय रे आता. सोड."

तो सोडून गेला नाही. थांबारावांच्या शेजारची खुर्ची ओढून त्याने आपला लॅपटॉप उघडला, तो प्रोग्राम चिकटवला आणि झडती बंद करून चालवला. प्रोग्राम थांबायला हवा होता, एवढं मला माहीत होतं. थांबला नाही. त्याने शांतपणे एक लांबलचक उणे आकडा छापला. रॉकेटने परत चालवला. दुसराच आकडा आला. परत चालवला. तिसराच.

"हा आकडा आला कुठून?"

"कुठूनही. त्या जागी आधी जे पडलं असेल ते."

"कुठली सूचना नाही, काही नाही."

"पहारेकरी घरी पाठवलेत तू. सूचना कोण देणार?"

रॉकेटने दोन्ही हात केसांत घातले. मग चिडला. "पण हे तुम्ही मला आधी नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. मोकळ्या ओळीच्या खाली."

"मला वाटलं, तेही मोकळ्या ओळीबद्दलच असेल!"

दोघंही एकमेकांकडे रागाने बघत राहिले. दोघांचंही खरं होतं. मला कुणावर ओरडावं ते कळेना.

रॉकेटने त्या दिवशी आणि मंगळवारी दुसरं काही केलं नाही. झडतीच्या उत्तराला त्याने तिसरा पर्याय दिला. यादी आहे, यादी रिकामी आहे, आणि तपासलं नाही. 'तपासलं नाही' असं उत्तर आलं की सफाईने एकाही पहाऱ्याला हात लावायचा नाही. बुधवारी सकाळी तो बॉसकडे गेला. केबिनचं दार उघडंच होतं.

"म्हणजे झडती बंद केली तर कंपाईल लवकर होणार, पण प्रोग्राम चालणार हळू?" बॉस म्हणाली.

"हो."

"आणि हे नाही घातलं तर?"

रॉकेटने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि तो प्रोग्राम चालवला. दोनदा. तिने मोबाईल पालथा केला, मग सरळ केला, मग परत पालथा केला.

"घाला," ती म्हणाली. "उद्याच्या आत. दोन होकार घ्या, एक मी देते."

"दुसरा थांबारावांना द्यायला सांगा ना. त्यांना यादीत परत घ्या."

"ते माझ्या हातात नाही. नाव परत घालायला वरून मंजुरी लागते. पुढच्या तिमाहीत बघू."

"काढताना लागली होती?"

"काढताना नाही लागत."

रॉकेट बाहेर आला तो लाल होऊन. मी त्याला एवढा हळू चालताना पहिल्यांदा बघितलं.

दुपारी थांबाराव रॉकेटच्या खुर्चीत बसले आणि रॉकेट मागे उभा राहिला. ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. सफाई दोनदा येते, एकदा आधी आणि एकदा सगळ्यात शेवटी, आणि शेवटच्या खेपेला तिने जुनंच उत्तर, रिकामी यादी, धरून ठेवलं होतं.

"हे राहिलं."

"अरे देवा."

"ओरडू नकोस. दुरुस्त कर."

रॉकेटने वाकून, त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन दुरुस्त केलं. ते परत पहिल्यापासून वाचायला लागले. खाली आणखी एक मोकळी ओळ होती. मला दिसली. त्यांनाही दिसली असणार. ते पुढे गेले.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. एवढंच. मग उठले, आपल्या टेबलाकडे आले आणि हेडफोनच्या खांद्यावर टकटक केलं. त्याने एका कानावरचा हेडफोन उचलला.

"तुझ्याकडे होकारासाठी एक बदल आलाय. रॉकेटचा."

"हां. देऊ?"

"दे."

"वाचू का आधी?"

"वाच म्हटलं तर वाचशील?"

हेडफोनने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग दाब."

त्याने दाबलं. हिरवी खूण आली, तिच्यापुढे त्याचं नाव आलं. त्याने हेडफोन परत कानावर घेतला. थांबाराव आपल्या खुर्चीत बसले.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"येतो ना. फार येतो." त्यांनी गळ्यातला चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला. "घरी गेलो की ही विचारेल, काय झालं म्हणून. मी सांगेन, दुरुस्त झालं. ती म्हणेल, मग तोंड का असं? आता तिला काय सांगू? रिपोर्ट बरोबर गेला, पण खाली सही भलत्याची आहे."

"काकूंना कळेल ते."

"तिला कळेल गं," ते म्हणाले. "तिच्या लॅबमध्ये असं चालत नाही."